दिवाणखान्यातील समुद्रोल्लंघन

पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या, गड घेतले, नद्या उतरल्या, आणि त्यांच्या हकीकती लिहिणारांनी लिहिल्या. परंतु तीन खुर्च्या, एक प्लास्टिकचा टब आणि एक सायकलची घंटी इतक्याच सामानावर चार हजार कोसांचा समुद्र एका दिवसात ओलांडल्याचे वर्तमान कोणी लिहिले नाही, सबब ते लिहून ठेवणे प्राप्त जाहले. यात ऐकीव काही नाही. जे डोळ्यांसमोर घडले ते पाहून लिहिले, आणि जे डोळ्यांआड घडले तेही ऐकू आलेच, कारण घर तीन खोल्यांचे असून भिंती पातळ आहेत. वाचणाराने मन घट्ट करून बसावे आणि मध्येच उठू नये, कारण मोहिमेचा नियमही तोच होता.

मोहिमेचे कारण ऐसे जे, घरचे चिरंजीव, हुन्नराने इंजिनिअर, नोकरीच्या मुलूखगिरीवर समुद्रापलीकडे रवाना जाहले, ते समयी त्यांची कन्या दोन महिन्यांची होती आणि मान धरीत नव्हती. ती कन्या म्हणजे श्रीमंत अखंडलाळमंडित चतुर्दंतधारिणी ठमाबाईसाहेब, ज्यांस घरात ठमी म्हणत. आता त्यांस अकरावा महिना लागला, मान तर काय, पडदे, टेबलाच्या चादरी आणि आजोबांचा चष्मा येथपर्यंत जे सापडेल ते धरू लागल्या. परंतु पिता त्यांणी पाहिला तो फोनच्या काचेत. रोज सायंकाळी चिरंजीव काचेत प्रकट होऊन “ठमे, बाबा बघ” म्हणत, आणि बाईसाहेब क्षणभर टक लावून पाहत, मग फोनला वळसा घालून त्याच्या मागे डोकावत, आणि तेथे कोणी नाही ऐसे पाहून निमूट पुढे येत. मग चिरंजीवांनी खोकला आल्याचे सांगून फोन ठेवावा, ऐसे वारंवार होऊ लागले.

चिरंजीवांनी दोन वेळा तिकिटांची तजवीज केली आणि दोन्ही वेळा सूनबाईंनी नकार कळविला. कन्येस सर्दी आहे ऐसे पहिल्या खेपेस लिहिले, दात येत आहेत ऐसे दुसऱ्या खेपेस लिहिले, आणि दोन्ही खरे होते. तिसऱ्या खेपेस चिरंजीवांचा खलिता आला की, दोन आसने सोमवार सकाळपर्यंत राखून ठेविली आहेत, मागाहून ती सुटतील, मग वर्षभर रजा नाही आणि हाती पैकाही नाही. हे वर्ष गेले तर पोरगी काचेलाच बाप म्हणेल. खलित्याखाली हसणारे तोंड काढिले होते, ते कोणास खरे वाटले नाही.

सूनबाई कॉलेज शिकलेल्या, सावध, झोपलेल्या लेकराच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालला आहे याची दिवसातून अनेकदा खातरजमा करणाऱ्या. त्यांस समुद्राचे भय नव्हते, अंतराचेही नव्हते, वेळेचे होते. चार हजार कोस आकाशात कितीही असोत, ते विमान कापील. परंतु तितका वेळ ठमीस मांडीवर घेऊन एकटीने काढावयाचा, आणि ठमी तर दुपारी व रात्री आजीच्या खांद्यावर, गॅलरीतील वाऱ्यात, याखेरीज कोठे झोपत नाही. म्हणोन त्यांणी फोनवर दोन्ही विमानतळांची नावे घालून प्रवासास किती तास लागतात याचा शोध मांडिला. एका ठिकाणी तेरा तास निघाले, दुसऱ्या ठिकाणी सव्वाचौदा, तिसऱ्या ठिकाणी साडेपंधरा, आणि जाण्यास जितका वेळ त्याहून येण्यास सव्वा तास कमी, ऐसा चौथा घोळ. दुधाच्या बाटल्या तेरा तासांच्या न्याव्या की साडेपंधरा, या विवंचनेत सूनबाईंचे जेवण सुटले, आणि ती गोष्ट सासऱ्यांच्या दरबारी रुजू जाहली.

सासरे, म्हणजे ठमीचे आजोबा, बसडेपोचे निवृत्त कंट्रोलर. हयातभर त्यांणी गाड्या सोडिल्या आणि गाड्या घेतल्या, आणि सुटलेल्या गाडीमागे धावणाऱ्यांस उद्याची वेळ सांगितली. त्यांणी तिन्ही आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

“अंतर एक आणि वेळा तीन. म्हणजे सांगणारे तिघंही ऑफिसात बसलेत. गाडीत कुणी बसलेलं नाही.”

“आणि जाताना जास्त, येताना कमी, हे कसं हो बाबा? रस्ता तर तोच.”

“वारा. जाताना तोंडावर, येताना पाठीशी. बसलासुद्धा कळतं ते, विमानाला कळणार नाही होय?”

मग आजोबांनी सव्वाचौदा हा आकडा कायम केला आणि जाहीर केले की, कोणत्याही नव्या मार्गावर प्रवासी बसविण्याअगोदर चाचणी फेरी करण्याचा डेपोचा शिरस्ता आहे, त्यावाचून एकही मार्ग चालू जाहला नाही, सबब हाही होणार नाही. उद्या रविवार, पहाटे सहास दिवाणखान्यातून गाडी सुटेल आणि सव्वाचौदा तासांनी पलीकडे लागेल. दरम्यान कोणी उतरू नये. फेरी पार पडल्यास तिकिटे पक्की करावी, न पडल्यास सूनबाईंस कोणी एक शब्द बोलू नये.

हा हुकूम ऐकून आजीसाहेब स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“तुम्ही रिटायर झालात हे डेपोला कळलं. तुम्हाला कधी कळणार?”

“तुला हवाई सुंदरी केलंय,” आजोबा म्हणाले.

आजीसाहेबांनी केसांवरून हात फिरविला आणि पुढे तक्रार केली नाही.

पहाटे विमान सज्ज जाहले. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या भिंतीलगत एका ओळीत मांडिल्या, आणि गुडघे टेकतील इतक्या अंतरावर आजोबांची आरामखुर्ची, पाठ मागे कलंडलेली, कारण पुढील प्रवासी पाठ मागे करणारच ऐसा सूनबाईंचा अंदाज होता. पट्ट्यांच्या जागी आजोबांचे जुने कमरपट्टे आले. पाळण्याच्या जागी कपडे भिजविण्याचा निळा टब, आत दुलई घालून. स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा, जो चालू असता शेजारच्या माणसाचे बोलणे समजत नाही, तो इंजिन म्हणोन नेमिला. शौचालय घरचेच, परंतु तेथे सामान घेऊन एकावेळी एकाने जावे आणि ठमीचे सर्व काही कमोडच्या झाकणावर उरकावे, विमानात तैसेच आहे, ऐसे ठरले. सूनबाईंची रसद एका पिशवीत मावली नाही. तीत दुधाची पूड, बाटल्या, लंगोट, कपड्यांचे जोड, केळी, खुळखुळा, ताप पाहण्याची नळी, सर्दीचे थेंब इतके आपत्काळासाठी होते, आणि दुसऱ्या पिशवीत तेच सर्व, पहिली पिशवी हरवल्यास.

एक मात्र न्यून राहिले. विमानात शेजारी परका माणूस असतो आणि तो कपाळास आठ्या घालतो; घरातील माणसांस ठमीपुढे आठी घालता येत नव्हती. म्हणोन वरच्या मजल्यावरील वकीलसाहेबांस पाचारण जाहले. त्यांणी आपले अधिकार कोणते, आठ्या किती घालाव्या, चहा किती वेळा मिळेल, इतके जाबसाल करून मग येण्याचे कबूल केले, आणि उशाशी घेण्याची उशी काखेत मारून वेळेवर हजर जाहले.

आजोबांनी घंटी दोनदा वाजविली आणि गाडी सुटली.

“पुढे सरका,” ते सवयीने म्हणाले, आणि पुढे टीव्ही होता.

पहिला प्रहर सुखाचा गेला. ठमाबाईसाहेबांनी खिडकी म्हणोन नेमलेल्या कॅलेंडराचे तीन महिने फाडिले, एक केळे स्वतः ग्रहण केले आणि एक वकीलसाहेबांच्या बाहीस दिले. वकीलसाहेबांनी करारानुसार आठी घातली. ती पाहून बाईसाहेब इतक्या हसल्या की वकीलसाहेबांस दुसरी घालता येईना. आजीसाहेब भाजीची चाकांची मांडणी ढकलीत आल्या, ती गालिचाच्या काठास अडली, मग उचलून आणावी लागली. चहा, बिस्किटे दिली आणि प्रत्येक खेपेस ठमीचा मुका घेतला. हवाई सुंदऱ्या परक्यांच्या लेकरांचे मुके घेत नसतात, ऐसा आजोबांनी, जे आता कप्तान होते, आक्षेप नोंदविला.

“मग असल्या विमानात बसायचंच कशाला,” आजीसाहेब म्हणाल्या आणि मांडणी उचलून माघारी गेल्या.

मग शौचालयाची चकमक जाहली. सूनबाई काखेत लेकरू, खांद्यास पहिली पिशवी, ऐशा आत शिरल्या आणि दार लागेना. पिशवी आत घेतली तर लेकरू बाहेर, लेकरू आत घेतले तर पिशवी बाहेर. झाकणावर ठमी पालथी पडून बादलीतील मग पाहू लागली, एक हात तिच्या पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने सूनबाईंनी पिशवी उपसली, आणि जे पाहिजे ते तळाशी होते. बाहेर येऊन त्यांणी एक लंगोट, पुसण्याचे ओले कागद आणि एक सदरा इतकेच एका लहान थैलीत भरून थैली गळ्यात अडकविली. दुसऱ्या वेळेस दार लागले. आजोबांनी हे पाहून मान हलविली, जैसी ते नवा चालक पहिल्याच वळणावर गाडी नीट घेई तेव्हा हलवीत.

माध्यान्ही मात्र राज्यावर संकट आले. समुद्राच्या ऐन मध्यावर आजोबांनी घंटी एकदा वाजविली आणि फर्माविले की, गाडी येथे थांबेल, सर्वांनी पाय मोकळे करून घ्यावे.

“बाबा, खाली समुद्र आहे,” सूनबाई म्हणाल्या.

“असू दे. इतके तास सलग ड्रायव्हर चालवत नाही. नियम आहे.”

“विमान थांबत नाही हो.”

“मग तो नियमभंग आहे.”

यावर वकीलसाहेब उशीवरून उठले आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्याची तयारी दाखविली. बहुत खल जाहला. एक पक्ष म्हणे, थांबले की पडले. दुसरा पक्ष म्हणे, दमलेल्या चालकाहून पडलेले बरे. शेवटी तह ऐसा ठरला की, विमान न थांबविता चालक बदलावा. तेव्हा कप्तान उठले, न्हाणीघरात जाऊन तोंड धुतले, टोपी बदलिली, आणि दुसरे कप्तान म्हणोन कामावर रुजू जाहले. पहिल्या कप्तानाबद्दल विचारता, तो झोपला आहे, त्यास उठवू नये, ऐसे त्यांणी कळविले.

थोड्याच वेळात वकीलसाहेबांचा फोन वाजला, कोणी पक्षकार दारी उभा होता. “माझा स्टॉप आला,” ऐसे बोलून ते भर समुद्रावर, चालत्या विमानाचे दार उघडून चालते जाहले, आणि थोड्या वेळाने चपला राहिल्या म्हणोन पुन्हा आत आले व पुन्हा गेले. हवा आत आली, दार आपटले, आणि त्या आवाजाने ठमाबाईसाहेब, ज्या नुकत्याच टबात डुलकी घेऊ लागल्या होत्या, दचकून उठल्या आणि रडू लागल्या.

येथून पुढील युद्ध खरे. रडणे प्रथम साधे होते, मग दाताचे जाहले, मग कशाचे तेच कळेना. सूनबाईंनी दूध दिले, ते बाईसाहेबांनी बाटलीसह फेकिले. केळे दिले, खुळखुळा दिला, कॅलेंडरातील उरलेले महिने दिले. कप्तान पाठ मागे करून बसले होते ते हळूच पाठ सरळ करून बसले. सूनबाई पट्टा सोडून उठल्या आणि सोफा व टीव्ही यांमधील बोळातून येरझारा घालू लागल्या, आणि लेकराचा चेहरा लाल, आवाज बसलेला, आणि आईचा पदर लाळेने व अश्रूंनी चिंब. कान तर दुखत नसतील, पोट तर दुखत नसेल, आपण हे काय मांडिले आहे, ऐसे शंभर विचार त्यांच्या मनात आले आणि त्यांतील एकही धड गेला नाही.

तेव्हा आजीसाहेब मांडणी तशीच टाकून आल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

“दे गं तिला. गॅलरीत एक चक्कर मारते, लगेच झोपेल. पुरे झालं यांचं विमान.”

ठमीनेही आजीकडे हात टाकिले. सूनबाईंचे हात सैल जाहले होते, लेकरू अर्धे आजीकडे झुकले होते, आणि गॅलरीचे दार समोर होते. ऐशा घडीस सूनबाई थांबल्या.

“आई,” त्या म्हणाल्या, “विमानाला गॅलरी नसते.”

आजीसाहेबांचे हात तैसेच पुढे राहिले. मग त्यांणी ते पदरास पुसले, ओले नव्हते तरी पुसले, आणि स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेले कप पुन्हा धुवू लागल्या.

सूनबाई बोळाच्या टोकाशी, जेथे भिंतीपलीकडे पंखा घरघरत होता तेथे, पाठ टेकून उभ्या राहिल्या. गाणे आठवेना. म्हणोन त्यांणी पंख्याचा जो सूर चालला होता तोच घशात धरिला, न उंच न खाली, श्वास संपला की पुन्हा तोच. ठमी रडता रडता थांबली, पुन्हा रडली, मग आईच्या गळ्याशी कान लावून काही तपासू लागली, आणि तपास पुरा होण्याआधी तिचे डोके जड जाहले. सूनबाई तैशाच उभ्या राहिल्या. टबात ठेविले तर उठेल म्हणोन ठेविले नाही, पाय भरून आले तरी बसल्या नाहीत, आणि नाकापुढे बोट धरून पाहण्याचे त्या दिवशी प्रथमच विसरल्या. स्वयंपाकघराच्या दारात आजीसाहेब कप हाती घेऊन हे पाहत होत्या. त्यांणी पंखा एक बटण वाढविला.

पुढील कित्येक तास साधे गेले. ठमी उठली, दूध प्याली, टबास होडी समजून वल्ही मारिली. सायंकाळ जाहली, दिवे लागले, आणि घड्याळाने सव्वाआठ दाखविले. सूनबाईंनी थैली गळ्यातून काढिली. परंतु घंटी वाजली नाही.

“वारा जास्त लागला,” कप्तान म्हणाले. “अजून थोडा वेळ धरा.”

थोडा वेळ धरिला. मग कप्तानांनी कळविले की, खाली गर्दी आहे, घिरट्या घालणे प्राप्त आहे. घिरट्या घातल्या. मग कळविले की, फलाट मोकळा नाही.

“अहो, उतरवा की आता,” आजीसाहेब आतून म्हणाल्या. “आयुष्यात गाडी लेट होऊ दिली नाही म्हणून सांगत असता.”

सूनबाईंची नजर सदा चौफेर असे, ती आता आरामखुर्चीवर गेली. कप्तानांचा अंगठा घंटीच्या दांड्यावर होता आणि दाबीत नव्हता. दुसऱ्या मुठीत ठमीचा एक मोजा होता, जो दुपारी बोळात गळाला होता आणि सर्वांनी शोधिला होता.

“बाबा,” सूनबाई म्हणाल्या.

आजोबा टीव्हीच्या काळ्या काचेकडे पाहत होते.

“नवा मार्ग सुरू झाला ना,” ते म्हणाले, “की जुन्या थांब्यावरच्या फेऱ्या कमी होतात. मीच कमी केल्यात कितीतरी. लोक यायचे विचारायला. मी म्हणायचो, येईल, बसा.”

स्वयंपाकघरातील पंखा बंद जाहला. इंजिन बंद पडल्यावर विमान पडावे, परंतु कोणी त्याची दखल घेतली नाही. सूनबाई खुर्ची ओढून आरामखुर्चीशेजारी बसल्या, जेथे विमानात कोणासही बसता येत नाही.

“बाबा, जायला किती लागले?”

“सव्वाचौदा.”

“आणि यायला?”

“तेरा.”

“अंतर?”

“तेच की.”

“मग कसं काय?”

आजोबांनी मोजा उलगडला, त्याची घडी घातली.

“वारा पाठीशी असतो,” ते म्हणाले.

“तुम्हीच सांगितलंत. घराकडे येताना लवकर येतं माणूस.”

आजोबा काही वेळ आकडे पडताळून पाहत असावे ऐसे बसले. हिशेबात चूक सापडली नाही. मग त्यांणी घंटी एकदा वाजविली आणि खणखणीत आवाजात पुकारिले, “गाडी लागली. उतरून घ्या. सामान विसरू नका,” आणि मोजा ठमीच्या पायात चढविला. तो तिने लगेच काढिला.

सूनबाईंनी उभ्याउभ्याच फोन लाविला. चिरंजीव काचेत आले, तेथे सकाळ होती, दाढी अर्धी जाहली होती.

“दोन्ही सीट पक्क्या कर,” सूनबाई म्हणाल्या.

“नक्की? सव्वाचौदा तास आहेत. एकटीला जमेल का गं?”

“जमलंय.”

ठमीने काचेत पाहिले, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे फोनला वळसा घालून मागे डोकावली. चिरंजीव या खेपेस खोकले नाहीत. साबण लागलेल्या तोंडाने म्हणाले की, थांब जरा, आता काचेमागं सापडेनच.

येणेप्रमाणे समुद्र सर जाहला. फौजेची हानी: एक कॅलेंडर, एक बाही, वकीलसाहेबांची उशी, जी ते अद्याप मागावयास आले नाहीत. हस्तगत जाहले ते: लहान थैली आणि पंख्याचा सूर.

याउपरी एक गोष्ट लिहिणे राहिली, तीही लिहितो. दुसरे दिवशी सोमवारी, आसने पक्की जाहल्याचा निरोप आल्यावर, आजोबांनी आणखी एक चाचणी फेरी नेमिली आणि तीत मदतीस कोणास घेतले नाही. ते आपला फोन घेऊन आतील खोलीत पलंगावर जाऊन बसले, आणि सूनबाईंच्या फोनच्या काचेत प्रकट होऊन “ठमे, आजोबा बघ” म्हणाले. आवाज काचेतून आला आणि भिंतीतूनही आला. ठमाबाईसाहेबांनी टक लावून पाहिले, मग फोनला वळसा घालून मागे डोकावल्या, तेथे कोणी नव्हते. मग क्षणभर बसून राहिल्या, आणि आवाजाच्या दिशेने रांगत निघाल्या, आणि उंबरठ्यावर पोट घासून तो ओलांडिला, आणि पलंगाच्या कडेस धरून आयुष्यात प्रथमच उभ्या राहिल्या, आणि तेथे आजोबा सापडले.

अंतर एक उंबरठा. वेळ एक बिस्कीट विरघळेल इतका. वारा कोणत्याही बाजूने नव्हता. फेरी वेळेवर पोहोचली, याची खूण म्हणोन आतील खोलीत घंटी वाजविली गेली, ती बाहेर सर्वांनी ऐकिली.